चारशे डब्या आणि एक किचकट तक्ता

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झाले आणि सध्या अमेरिकेत, ऑरेगन राज्यात हिल्सबरोला मुलीकडे आहे. इथे नातीमुळे मला जिओकॅचिंगचा नाद लागला. फोनवर जागा बघायची, झाडाच्या ढोलीत नाहीतर पुलाच्या कठड्याखाली लपवलेली डबी हुडकायची, आतल्या कागदावर सही करायची आणि डबी होती तशी ठेवून यायचं. मागची खेप धरून आमच्या चारशेच्या आसपास डब्या झाल्या. आता नात विचारते, ‘आजी, आपण कुठकुठल्या काउंट्यांत जाऊन आलो? आपली सगळ्यात जुनी डबी कुठली?’ (काउंटी म्हणजे इथला जिल्हा.) या प्रश्नांची उत्तरं मला फोनवर काही सापडत नाहीत. जावयांनी लॅपटॉपवर जीसॅक नावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आहे. ते उघडलं की शेकडो ओळी, न संपणारे रकाने आणि मेनूमागे मेनू. त्यात आमच्या डब्यांची संख्या खेळाच्या वेबसाइटवरच्या संख्येपेक्षा कमी दिसते, आणि परवा तर अर्ध्याअधिक ओळी गायबच झाल्या. एवढ्या साध्या खेळाला असलं अवघड सॉफ्टवेअर कशाला? आणि माझ्या वयाला ते शिकायचं तर सुरुवात कुठून करायची?
— एक वाचक, हिल्सबरो

उत्तर : आधी गायब झालेल्या ओळींचं सांगतो, कारण ती धास्ती मनात असेल तर पुढचं काही शिकणं होणार नाही. तुमच्या ओळी सुखरूप आहेत. जीसॅकमध्ये फिल्टर, म्हणजे एखादी अट, लावला की त्या अटीत न बसणाऱ्या ओळी नजरेआड होतात आणि फिल्टर काढला की परत येतात. तुमच्या किंवा नातीच्या हातून एखादा फिल्टर लागला असणार. तो काढून टाका. यापुढे ओळी कमी वाटल्या, तर एकूण नोंदी किती आणि सध्या दिसताहेत किती, हे दोन आकडे पाहण्याची सवय लावून घ्या.

या सॉफ्टवेअरचं सगळ्यात महत्त्वाचं तत्त्वही इथेच आहे. फाइल बाहेर काढायची असो, आकडेवारीचं पान तयार करायचं असो, एकदम शंभर नोंदींत बदल करायचा असो, जीसॅक ते काम साधारणपणे समोर दिसणाऱ्या ओळींवरच करतं. आधी गाळायचं आणि मग जे उरलं त्यावर काम करायचं, अशी त्याची रीत आहे. नवख्या माणसाचे बहुतेक घोटाळे या रीतीचा अंदाज नसल्यामुळे होतात. नोंदी पुसून टाकण्याची आज्ञाही याच रीतीनं चालू शकते, म्हणून पुसण्याआधी दिसणाऱ्या ओळींचा आकडा दोनदा वाचावा.

आता, साध्या खेळाला एवढा पसारा का? याचं उत्तर तुमच्या घरापासून गाडीनं तासाभराच्या अंतरावर सुरू होतं. अमेरिकेचं सरकार उपग्रहांच्या नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जीपीएसनं दाखवलेली जागा शंभरेक मीटरनं इकडेतिकडे व्हायची. २ मे २००० रोजी ही चूक मिसळणं बंद झालं आणि सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र एका रात्रीत कित्येक पटींनी अचूक झालं. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह उल्मर या संगणक सल्लागारानं ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याच्या उसळीचा एक डबाही होता. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या माइक टीग यांनी ती काही दिवसांतच शोधून काढली. त्या जागी आज स्मरणफलक आहे आणि तोही खेळातली एक नोंद आहे. नातीला घेऊन तिथे जरूर जा.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी सिएटलहून या खेळाची वेबसाइट सुरू केली, तेव्हा जगात लपवलेल्या डब्या होत्या ७५. एवढ्यांसाठी कसलं सॉफ्टवेअर लागणार? वहीचं एक पान पुरलं असतं. पण आता जगभरात तीस लाखांहून अधिक डब्या आहेत. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, असा नियम आहे. नेवाडाच्या वाळवंटातल्या ‘एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे’वर खेळाडूंनी साधारण तेवढ्याच अंतरानं एकामागोमाग एक हजाराहून जास्त डब्या ठेवल्या. तिथे जाणारा माणूस दिवसभरात काही शे डब्यांवर सही करून येतो. रात्री मुक्कामी पोचल्यावर त्यातली कुठली सापडली, कुठली नाही, कुठे कागद भिजलेला होता, हे लक्षात ठेवणं माणसाच्या आवाक्यातलं राहत नाही.

संख्येपेक्षाही पसारा वाढवला तो खेळाडूंच्या प्रश्नांनी. प्रत्येक डबीला शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड असे दोन गुण असतात, एकपासून पाचपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या टप्प्यानं. नऊ गुणिले नऊ, म्हणजे ८१ घरांचा तक्ता तयार होतो. मग कुणीतरी विचारलं, माझी ८१ घरं भरली का? दुसऱ्यानं विचारलं, मे २००० पासून आजवरच्या प्रत्येक महिन्यात लपवलेली किमान एकेक डबी मी शोधली आहे का? याला खेळाडू ‘जॅस्मर’ म्हणतात, आणि पहिल्या काही महिन्यांतल्या हयात डब्या इतक्या थोड्या आहेत की त्यांच्यासाठी लोक हजार-हजार मैल गाडी हाकतात. कॅन्सस राज्यातल्या मिंगो गावाजवळची जीसी३० या सांकेतिक क्रमांकाची, ११ मे २००० ची डबी आजही चालू असलेल्यांत सगळ्यात जुनी मानली जाते. वर्षातल्या ३६६ दिवसांपैकी प्रत्येक तारखेला, अगदी २९ फेब्रुवारीलासुद्धा, एकेक डबी सापडली आहे का, हाही प्रश्न कुणीतरी विचारलाच. तुमच्या नातीचे दोन प्रश्न या रांगेतलेच आहेत, आणि मला ते फार आवडले.

वेबसाइट यातल्या सगळ्याच प्रश्नांना उत्तर देत नाही. ते का, हे बँकेत काम केलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. वेबसाइट ही रोजकीर्द आहे, ज्या दिवशी जे घडलं ते त्या क्रमानं तिथे उतरतं. तुम्हाला हवी आहे खतावणी : तोच व्यवहार, पण काउंटीच्या खात्यावर वेगळा, वर्षाच्या खात्यावर वेगळा. जीसॅक ती खतावणी घालून देतं. ‘जिओकॅचिंग स्विस आर्मी नाइफ’ हे त्याचं पूर्ण नाव. ऑस्ट्रेलियातल्या क्लाइड इंग्लंड यांनी ते लिहिलं आणि वर्षानुवर्षं खेळाडूंच्या मागण्या ऐकत वाढवत नेलं. एकेका माणसाची एकेक नड, आणि तिच्यासाठी जोडलेला एकेक मेनू. म्हणून ते आज इतकं भरगच्च दिसतं. पूर्वी ते विकत घ्यावं लागे, आता फुकट मिळतं, मात्र विंडोजवरच चालतं. त्याच्या पोटात माहिती साठते ती एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये. त्याची पहिली आवृत्तीसुद्धा २००० मधलीच, ऑगस्टमधली. खेळ आणि त्याची नोंदवही ज्यावर उभी आहे तो पाया, दोन्ही एकाच वर्षातले.

आता शिकण्याबद्दल. माझं ठाम मत असं की असलं सॉफ्टवेअर पहिल्या मेनूपासून शेवटच्या मेनूपर्यंत कधीच शिकू नये. त्यातल्या बहुतेक सोयी दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नासाठी केलेल्या आहेत, आणि तो प्रश्न तुम्हाला पडलेला नसताना त्यांचा अर्थ लागत नाही. आपला प्रश्न घेऊन आत शिरावं, त्याचं उत्तर निघेपर्यंत लागेल तेवढंच शिकावं आणि बाहेर यावं. तुमच्याकडे दोन प्रश्न तयार आहेत, तेवढे पुरेत.

सुरुवात ‘माय फाइंड्स’पासून करा. वेबसाइटच्या सशुल्क सभासदाला आपल्या सगळ्या शोधांची एकत्र फाइल मागवता येते, तीन दिवसांतून एकदा. ही फाइल जीपीएक्स प्रकारची असते. सह्याद्रीत भटकणारी मंडळी गडाच्या वाटा एकमेकांना पाठवतात तोच हा प्रकार. जीसॅकमध्ये एक नवा, वेगळा डेटाबेस उघडा, त्याला ‘आमचे शोध’ असं नाव द्या आणि ही फाइल त्यातच घाला. अजून न शोधलेल्या डब्या या डेटाबेसमध्ये मिसळू देऊ नका. जावयांनी कदाचित सगळं एकाच ठिकाणी भरलं असेल. शेकडो ओळींची भीती निम्मी त्या सरमिसळीमुळेच वाटते.

इथेच संख्येचा फरक उलगडतो. वेबसाइट तुमच्या ‘सापडली’ अशा नोंदी मोजते. जीसॅक डबीच्या एका सांकेतिक क्रमांकाला एकच ओळ देतं. पूर्वी एकाच डबीवर चुकून दोनदा नोंद होऊ शकत असे; तशी झाली असेल तर वेबसाइटवर दोन, इथे एक. दुसरं कारण बहुधा मोठं असेल : ‘अ‍ॅडव्हेंचर लॅब’. गावातल्या भित्तिचित्रांजवळ, पुतळ्यांजवळ जाऊन फोनवर उत्तरं द्यायची, तो प्रकार. ते शोध वेबसाइटच्या एकूण संख्येत धरले जातात, पण ‘माय फाइंड्स’च्या फाइलमध्ये येत नाहीत. नातीबरोबर तुम्ही अशी उत्तरं किती ठिकाणी दिलीत ते आठवा, हिशेब बराचसा जुळेल.

जुन्या डबीचा प्रश्न आता एका टिचकीचा आहे. लपवल्याच्या तारखेचा रकाना शोधा, त्याच्या मथळ्यावर टिचकी मारा, ओळी तारखेनुसार लागतील. सापडल्याची तारीख हा वेगळा रकाना असतो, तेवढं पाहून घ्या. आणि लगेच दुसरं एक काम करा : न लागणारे रकाने लपवा. डबीचं नाव, प्रकार, लपवल्याची तारीख, सापडल्याची तारीख, अंतर, काउंटी एवढेच ठेवा आणि ही मांडणी एक ‘व्ह्यू’ म्हणून नाव देऊन साठवा. पडदा मोकळा झाला की हातही मोकळा होतो.

काउंटीचा प्रश्न थोडा खोल आहे. वेबसाइटच्या फाइलमध्ये देश आणि राज्य असतं, काउंटी नसते. जीसॅक डबीचे अक्षांश-रेखांश घेतं, काउंट्यांच्या सीमारेषांशी ताडून पाहतं आणि कुठला बिंदू कुठल्या सीमेत पडतो ते ठरवून रकाना भरतं. एकदा आज्ञा दिली की चारशे ओळी भरून निघतात. ऑरेगनमध्ये ३६ काउंट्या आहेत, म्हणजे नातीला उरलेल्या किती ते बोटावर मोजता येईल. एक गोष्ट मात्र सांभाळा. तुमचं हिल्सबरो ज्या काउंटीत आहे तिचं नाव वॉशिंग्टन, आणि त्याच नावाच्या काउंट्या अमेरिकेच्या कितीतरी राज्यांत आहेत. नुसत्या काउंटीच्या नावावर मोजणी केलीत तर वेगवेगळ्या राज्यांतल्या दोन काउंट्या एक होतील. आधी राज्य, मग काउंटी, असं लावा.

अंतराचा रकाना खरा ठरायचा तर घराची जागा नीट भरलेली हवी. अंतर मोजलं जातं ते तुम्ही ठरवलेल्या मध्यबिंदूपासून. आपल्याकडच्या माणसाची इथे हमखास गल्लत होते, कारण आपल्या हाताला पूर्व रेखांशाची सवय. हिल्सबरो साधारण ४५.५ उत्तर, १२३ पश्चिमेवर आहे. पश्चिमेची खूण राहिली आणि तेच आकडे पूर्वेचे झाले, तर तुमचं घर चीनच्या ईशान्य भागात, बायचेंग शहराच्या आसपास जातं आणि प्रत्येक डबी हजारो किलोमीटर दूर दिसू लागते. लिहिण्याच्या पद्धतीतही फसगत आहे. खेळाडू अंश आणि दशांश मिनिटं लिहितात. उल्मर यांच्या बादलीचा अक्षांश होता ४५ अंश १७.४६० मिनिटं. फाइलच्या आत तोच ४५.२९१ अंश असा असतो, कारण १७.४६० ला ६० नी भागायचं. कुणी घाईत ४५.१७४६ असं भरलं तर जागा सुमारे १३ किलोमीटर दक्षिणेला सरकते. खेळाडू मिनिटाचे तीन दशांश का लिहितात, तेही यातून कळेल : अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे १,८५२ मीटर, त्याचा हजारावा भाग म्हणजे दोन मीटरांहून थोडा कमी. हातातल्या यंत्राला यापेक्षा बारीक भेद बहुधा करताच येत नाही.

यापुढे तुम्ही न शोधलेल्या डब्यांसाठी दुसरा डेटाबेस कराल, आणि तिथे एक सापळा आहे. सहा महिने वापरल्यावर अनेक जण याच सापळ्यापाशी वैतागून सॉफ्टवेअर सोडून देतात. वेबसाइट एका मागणीला, ज्याला ‘पॉकेट क्वेरी’ म्हणतात, जास्तीत जास्त एक हजार डब्या देते. त्या मागणीत चालू असलेल्या डब्या येतात, कायमच्या बंद झालेल्या येत नाहीत. समजा, जूनमध्ये तुम्ही फाइल भरली. जुलैत मालकानं एक डबी उचलून नेली आणि खेळातून काढून टाकली. ऑगस्टच्या फाइलमध्ये तिचा उल्लेखच नाही. जीसॅकला ती बंद झाल्याचं कळणार कसं? ते आपली जूनची ओळ तशीच जपून ठेवतं, आणि तुम्ही नातीला घेऊन पावसात एका रिकाम्या ढोलीत हात घालत बसता.

यावर उपाय आहे आणि तो सुरेख आहे. प्रत्येक ओळीवर, ती शेवटी कुठल्या तारखेच्या फाइलमध्ये दिसली, याची नोंद जीसॅक ठेवतं. नवी फाइल भरली की फिल्टर लावायचा : ज्यांची ती तारीख आजची नाही, अशा ओळी दाखव. जे उरलं ते संशयित. त्यातल्या काही बंद झालेल्या असतील, काही नुसत्या हजाराच्या मर्यादेमुळे बाहेर राहिलेल्या. तेवढ्याच ओळी सॉफ्टवेअरमधून थेट वेबसाइटला विचारून ताज्या करायच्या आणि बंद निघालेल्या बाजूला काढायच्या. इथे माहिती नसणं हीच माहिती ठरते, आणि हे एकदा उमगलं की फिल्टर या गोष्टीची खरी ताकद कळते. महिनाभर वापरल्यावर हा खटाटोप मुद्दाम करून पाहा. माझ्या मते जीसॅक आलं की नाही, याची हीच परीक्षा.

‘मॅक्रो’ हा शब्द तुम्हाला मेनूत दिसेल. जीसॅकसाठी खेळाडूंनी लिहून सर्वांना दिलेले हे छोटे प्रोग्रॅम आहेत. ते लिहायला शिकण्याची काही गरज नाही, दुसऱ्यांनी लिहिलेले चालवावेत. ‘फाइंडस्टॅटजेन’ नावाचा मॅक्रो ‘आमचे शोध’वर चालवला की ८१ घरांचा तक्ता, महिन्यांचा तक्ता, वर्षाची दिनदर्शिका, सगळं एका पानावर मांडून मिळतं. नातीला ते पान नक्की आवडेल.

एक सोय मात्र फार थोडे लोक वापरतात आणि ती तुम्ही वापरावी, असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक डबीच्या ओळीला जोडून स्वतःची टीप लिहिता येते. वेबसाइटवर जे लिहाल ते सगळं जग वाचतं, ही टीप तुमच्या लॅपटॉपवरच राहते. त्या दिवशी नात काय म्हणाली, कुठे तिचा बूट चिखलात रुतला, डबीतून तिनं काय घेतलं आणि बदल्यात काय ठेवलं, हे मराठीत चार ओळींत लिहून ठेवा. भारतात परत येण्याआधी संपूर्ण डेटाबेसचा बॅकअप घ्या, त्याची एक प्रत मुलीच्या संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर ठेवा. इकडे आल्यावर डब्या फार भेटणार नाहीत. तरी जीसॅकमध्ये कुठलीही जागा नोंदवता येते, गडावरचं पाण्याचं टाकंसुद्धा.

शेवटी, शनिवारी सकाळी कुठली डबी शोधायची हे नातीनं ठरवायचं असेल, तर तिच्यासाठी एक फिल्टर बनवून ठेवा. शोधायला आणि पोचायला अवघडपणा दीडपर्यंत. आकार छोटा किंवा मध्यम. त्याहून लहान, फिल्मच्या डबीएवढा नको, कारण त्यात अदलाबदलीची खेळणी मावत नाहीत. घरापासून अंतर पाच मैलांच्या आत. आणि शेवटची ‘सापडली’ ही नोंद गेल्या दोन महिन्यांतली. यातून उरलेल्या ओळींत शेवटच्या चार नोंदींचा रकाना पाहा : त्यातले हिरवे चौकोन सापडल्याचे, लाल न सापडल्याचे. दोन लाल सलग असतील तर ती डबी सोडून पुढची घ्या.